पायरेट्सच्या मालकांना खुलं पत्र: पॉल स्कीन्सची वर्षं वाया घालवू नका

प्रति,
श्री. बॉब नटिंग आणि पिट्सबर्ग पायरेट्सचं व्यवस्थापन
पीएनसी पार्क, पिट्सबर्ग

मे २०२५

सप्रेम नमस्कार.

या पत्राचा इंग्रजी मजकूर तुमच्या पत्त्यावर पोस्टाने रवाना केला आहे. मराठीत ते जाहीरपणे लिहितेय, कारण या शहरात तुमच्या बेसबॉल टीमला आपली टीम म्हणणारी मराठी घरं आहेत आणि सध्या त्यातल्या प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर एकच विषय निघतो: पॉल स्कीन्ससारखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हाताशी असूनही टीम हरतेय का.

८ मेला तुम्ही मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, डेरेक शेल्टन यांना काढलं. तोवर ३८ सामने झाले होते. त्यातले १२ जिंकले, २६ हरले, आणि शेवटचे सात तर सलग हरले. शेल्टन यांच्याबद्दल माझ्याही तक्रारी होत्या. पण त्यांच्या हातात तुम्ही जे खेळाडू दिलेत ते पाहता सगळं खापर त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर फोडून तुम्ही मोकळे झालात, हे मला पटलेलं नाही. मॅनेजर बॅटिंगला उतरत नाही. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला सोडायचं आणि किती पैसे खर्च करायचे, हेही तो ठरवत नाही. ते तुम्ही ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी मी कोण ते सांगते. मी सांगलीची. २०१२ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पिट्सबर्गला आले. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. २०१३ च्या उन्हाळ्यात माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आप्पांनी सांगलीत एका क्रिकेट क्लबसाठी तीस वर्षं स्कोअरिंग केलं. रविवारी सकाळी मांडीवर स्कोअरबुक, हातात टोक काढलेली पेन्सिल, आणि प्रत्येक चेंडूची नोंद. इथे आल्यावर त्यांना दिवस खायला उठायचा. एकदा टीव्हीवर पायरेट्सचा सामना लागला होता आणि आप्पांना दिसलं की या खेळातही प्रत्येक चेंडूची नोंद ठेवतात. मग काय, आठवड्याभरात स्कोअरकार्डाची पद्धत त्यांनी आत्मसात केली. पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, शॉर्टस्टॉप ६. बॅटर चेंडू हुकवून बाद झाला तर ‘के’, नुसता बघत राहून बाद झाला तर उलटा ‘के’. तो उलटा ‘के’ त्यांना फार आवडला होता. आपल्याकडच्या स्कोअरबुकात एवढी बारीक नोंद नसते, असं म्हणायचे.

त्या वर्षी तुमच्या टीमने ९४ सामने जिंकले. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं हरणारी टीम पहिल्यांदा जिंकत होती. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या खेळात एवढी लांब पडझड दुसऱ्या कोणत्याच टीमच्या वाट्याला आलेली नाही, हे मला नंतर कळलं. १ ऑक्टोबरला सिनसिनाटीशी वाइल्ड कार्डचा, म्हणजे सीझननंतरच्या प्लेऑफमधला पहिला बाद सामना होता. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाने आम्हाला दोन तिकिटं दिली. सगळ्यांनी काळे कपडे घालून यायचं असं ठरलं होतं. आप्पांकडे काळं काहीच नव्हतं, म्हणून जावयाचा काळा स्वेटर बाह्या दुमडून घातला. चाळीस हजारांवर माणसं होती. समोरचा पिचर जॉनी क्वेटो. सगळं मैदान त्याचं नाव लांबवत एका सुरात म्हणायला लागलं. त्याच्या हातून चेंडू निसटला आणि पायाशी पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. मी त्याआधी किंवा त्यानंतर माणसांचा असा आवाज ऐकलेला नाही. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. ते दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. आप्पांना इंग्रजी जेमतेम यायचं. त्यांनी त्या गृहस्थांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

आप्पा परत गेले तरी दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न हाच: "आपली टीम काय म्हणते?" २०१८ मध्ये पुन्हा आले तेव्हा माझा मुलगा सात वर्षांचा होता. त्याला त्यांनी स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. २०२१ मध्ये आप्पा गेले. मुलगा आता चौदाव्यात आहे आणि अजूनही प्रत्येक सामना वहीत भरतो. पायरेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये गेले ते २०१५ मध्ये, तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि सामना चालू असताना झोपला होता. त्यानंतर एकदाही नाही. त्याच्या वह्यांमध्ये २०१९ पासूनचे सगळे सीझन आहेत. २०२१ मध्ये १०१ पराभव, २०२२ मध्ये १००. नंतरची दोन वर्षं ७६ विजय आणि ८६ पराभव, दोन्ही वर्षी अगदी तेच आकडे.

आता यंदाचं.

मार्चच्या अखेरीस मायामीत सुरुवात झाली. चारपैकी तीन सामने गेले आणि तिन्ही अगदी शेवटच्या क्षणी. हे दुर्दैव असू शकतं, मान्य. पिचर डेव्हिड बेडनारला खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. स्पेन्सर हॉर्विट्झच्या मनगटावर सीझनआधीच ऑपरेशन झालं, जेरेड जोन्सचं कोपर गेलं. दुखापतींना कोणी जबाबदार नसतं. पण एक खेळाडू जायबंदी झाला की त्या जागी उभं करायला दुसरा कोणीच नसावा, याला कोणीतरी जबाबदार असतं. पिचिंग चांगलं आहे. ओनील क्रूझ बेस चोरतोय, म्हणजे पिचरचा डोळा चुकवून पुढचा बेस गाठतोय, चेंडू असा मारतोय की बॅटचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो. बाकी बॅटिंगचं काय? एप्रिलच्या अखेरीपासून सलग वीसपेक्षा जास्त सामन्यांत एकदाही चारच्या वर धावा झाल्या नाहीत.

१८ मेचा फिलाडेल्फियाचा सामना आम्ही घरी पाहिला. पॉल स्कीन्सने आठ इनिंग पिचिंग केली आणि फक्त एक धाव दिली. फिलाडेल्फिया आघाडीवर असल्यामुळे त्यांना नववी इनिंग खेळावीच लागली नाही, म्हणजे स्कीन्सने एकट्याने आख्खा सामना टाकला. त्याच्या कारकिर्दीतला पहिला पूर्ण सामना. निकाल? ०-१. समोर मिक एबल, मोठ्या लीगमधला त्याचा पहिलाच दिवस. त्याने सहा इनिंगमध्ये आपले नऊ जण स्ट्राइक आउट केले. माझा मुलगा वहीत एकामागून एक ‘के’ लिहीत होता. सामना संपल्यावर त्याने ते पान माझ्यापुढे सरकवलं. एका बाजूला स्कीन्सचे भरलेले चौकोन, दुसऱ्या बाजूला आपल्या बॅटरांचे. त्या बाजूला पहिल्या बेसच्या पुढे पेन्सिलच्या रेषा फारशा गेल्याच नव्हत्या. तो काही बोलला नाही. वही मिटून आत गेला. मी ते पान बराच वेळ पाहत बसले. हे पत्र त्या रात्री लिहायला घेतलं.

माझं पहिलं आणि सगळ्यांत मोठं म्हणणं त्या पानावर आहे. स्कीन्ससारखा पिचर तुम्हाला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर मिळाला. ११ मे २०२४ ला तो पहिल्यांदा खेळला आणि त्याच वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ईआरए १.९६, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन धावासुद्धा नाहीत. असा खेळाडू एखाद्या शहराच्या नशिबी पिढीतून एकदा येतो. नियमानुसार तो २०२९ चा सीझन संपला की कुठल्याही टीमशी करार करायला मोकळा होणार. म्हणजे हा धरून पाच सीझन. त्यातल्या एकाचे पावणेदोन महिने गेले. मागचं वर्ष गेलंच आहे. यंदा त्याला साथ द्यायला तुम्ही बाहेरून काय आणलंत? टॉमी फॅम, अँड्र्यू हीनी, अॅडम फ्रेझर. सगळे तिशी ओलांडलेले, फार तर एका वर्षाच्या बोलीवर. त्यांच्याबद्दल मला राग नाही, ते जीव तोडून खेळतायत. पण स्कीन्स हातात असताना एवढ्यावर बोळवण?

बाहेरच्या मोकळ्या खेळाडूला पायरेट्सने दिलेला सगळ्यांत मोठा करार आजही फ्रान्सिस्को लिरियानोचा आहे. तीन वर्षं, ३.९ कोटी डॉलर. तो डिसेंबर २०१४ चा. तेव्हापासून खेळाडूंचे दर कुठल्या कुठे गेले, तुमचा आकडा तिथेच. जनरल मॅनेजर बेन चेरिंग्टन २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आले, तेव्हापासून बाहेरच्या एकाही मोकळ्या खेळाडूला एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार मिळालेला नाही. पगारावरच्या खर्चात टीम तीस टीमांमध्ये तळाच्या पाच-सहांत आहे. घरच्या खेळाडूंना तुम्ही पैसे दिलेत, हे मी विसरलेले नाही. ब्रायन रेनॉल्ड्सला आठ वर्षांसाठी साडेदहा कोटींच्या वर, मिच केलरला पाच वर्षांसाठी ७.७ कोटी, के'ब्रायन हेझला आठ वर्षांसाठी सात कोटी. ते योग्यच केलंत. पण तेवढ्यावर नऊ जणांची बॅटिंग उभी राहत नाही.

पिट्सबर्ग लहान बाजारपेठ आहे, हे उत्तर मी तेरा वर्षं ऐकतेय. बेसबॉलमध्ये पगाराला वरची मर्यादा नाही, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कशी बरोबरी होणार नाही, हे कोणालाही समजतं. तशी अपेक्षाही कोणी करत नाही. पण मिलवॉकी तुमच्याच डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, आहे. शहर लहान. त्यांनी २०१८, २०२१, २०२३ आणि २०२४ मध्ये डिव्हिजन जिंकली. कॅन्सस सिटीने २०१५ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, जिंकली. टँपा बे दोनदा वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. लहान शहरांना श्रीमंत टीमांच्या उत्पन्नातून वाटा मिळतो तो टीम चांगली करण्यासाठी. आणि तुमचं मैदान, ज्याला देशातलं सगळ्यांत सुंदर मैदान म्हणणारी कितीतरी माणसं मला भेटली, ते बहुतांश लोकांच्या पैशातून उभं राहिलंय. या शहराने आपला वाटा २००१ मध्येच उचलला आहे.

दुसरं म्हणणं जुनं आहे पण यंदा ते जास्त सलतंय. पिचर गेरिट कोल तुमचाच होता. २०११ च्या ड्राफ्टमधला पहिला. २०१८ च्या जानेवारीत तुम्ही त्याला ह्यूस्टनला दिलंत, त्याच आठवड्यात अँड्र्यू मॅककचनला सॅन फ्रान्सिस्कोला. टायलर ग्लासनाऊ त्याच वर्षी टँपाला. कोलने २०२३ मध्ये न्यूयॉर्ककडून खेळताना सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. मॅककचन परत आला, कारण त्याला या शहराची ओढ होती. सगळ्यांना नसते आणि नसली तर त्यात गैर काही नाही. स्कीन्सच्या प्रत्येक सामन्यात माझ्या मागेपुढे कोणीतरी म्हणतंच, "बघून घ्या, जाणारच आहे तो." बाविशी संपत आलेल्या मुलाच्या पिचिंगकडे लोक निरोप दिल्यासारखे पाहतात. मार्चमध्ये त्याच्या पदार्पणाच्या जर्सीवरचा पॅच असलेलं, संग्राहकांसाठीचं एकमेव कार्ड लिलावात ११.१ लाख डॉलरला गेलं. ते कार्ड द्या आणि होमप्लेटमागची सीझन तिकिटं तीस वर्षं घ्या, असं तुम्ही जाहीर केलं होतंत. कार्ड सापडलं होतं अकरा वर्षांच्या एका मुलाला, आणि त्याच्या घरच्यांनी लिलाव निवडला. कोणाचं कार्ड कोणी कुठे विकावं हा त्यांचा प्रश्न. पण एका कार्डासाठी तीस वर्षांचा विचार करू शकणारं व्यवस्थापन त्या खेळाडूच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल अवाक्षर काढत नाही, हे आम्हाला दिसतं.

तिसरं, एप्रिलमध्ये जे झालं ते. मैदानाच्या बाहेर लोकांनी पैसे भरून आपल्या नावांच्या विटा बसवल्या होत्या. कोणी आईवडिलांच्या नावाची, कोणी गेलेल्या भावाच्या. त्या काढल्या गेल्या आणि रिसायकलिंगच्या ठिकाणी ढिगात पडलेल्या त्याच विटांचे फोटो शहराने पाहिले. त्याच सुमाराला उजव्या बाजूच्या भिंतीवरचं, टीमचे दिवंगत महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते यांचं २१ नंबरचं चिन्ह काढून तिथे डबाबंद दारूची जाहिरात लागली. क्लेमेंतेंच्या मुलाने नाराजी जाहीर केल्यावर चिन्ह परत आलं, टीमने माफी मागितली. माफी मागितलीत ते बरं केलंत. पण ज्या भिंतीची उंची त्यांच्या नंबरावरून एकवीस फूट ठेवली, तिच्यावरून ते चिन्ह काढताना एकालाही थांबावंसं वाटलं नाही, याचा मला अजून उलगडा होत नाही.

क्लेमेंते कोण होते ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आप्पांनी वाचून घेतलं होतं. तीन हजार हिट्स पुऱ्या केल्या आणि तीन महिन्यांत, ३१ डिसेंबर १९७२ ला, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्यांचं विमान समुद्रात पडलं. आप्पा किल्लारीच्या भूकंपानंतर क्लबच्या मुलांबरोबर धान्याच्या पोत्यांचा ट्रक घेऊन गेले होते. क्लेमेंते ब्रिजवरून चालत मैदानाकडे जाताना ते प्रत्येक वेळी मध्यावर थांबायचे, खाली अॅलेगेनी नदीकडे पाहायचे आणि मगच पुढे निघायचे.

या टीमने मोठी कामं केली आहेत, म्हणूनच इतकं बोलावंसं वाटतं. १ सप्टेंबर १९७१ ला मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय आणि लॅटिन उतरले, ते पायरेट्सचे होते. २००८ मध्ये बेसबॉल कधी न खेळलेल्या दोन भारतीय मुलांशी, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याशी, करार करण्याची हिंमत याच टीमने दाखवली. इतरांच्या मनातही न आलेल्या गोष्टी तुमच्या टीमने करून दाखवल्या आहेत. वर्ल्ड सिरीज पाच वेळा जिंकली, शेवटची १९७९ मध्ये.

आणखी एक. ४ एप्रिलला घरच्या पहिल्या सामन्यात लोक "टीम विका" असं ओरडत होते, मैदानावरून तोच मजकूर लावलेलं विमान फिरलं. मी त्या घोषणेत सामील झाले नाही. हजारो माणसांनी मिळून एका माणसावर ओरडणं मला जमत नाही. पण ती माणसं टीमच्या वाईटावर नव्हती, हे कृपा करून समजून घ्या. थंडीत कुडकुडत, पार्किंगचे पैसे भरून, न्यूयॉर्ककडून हरण्याचा सामना शेवटपर्यंत बघायला जी माणसं थांबतात, त्यांचं म्हणणं तुम्ही स्वतः ऐकून घ्यायला हवं होतं.

आता मागण्या. साध्या आहेत.

पॉल स्कीन्सशी दीर्घ मुदतीच्या कराराची बोलणी याच वर्षी सुरू करा, आणि सुरू केली आहेत एवढं तरी जाहीरपणे सांगा. आकडे सांगू नका. तो नाही म्हणाला तर तेही समजून घेऊ. विचारलंच नाहीत, हे मात्र समजून घेता येणार नाही.

येत्या हिवाळ्यात किमान दोन चांगले बॅटर आणा, एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या करारावर. जुलैच्या अखेरीला ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपेल, तोवर मिच केलरला किंवा तरुण पिचरांपैकी कोणाला दिलंत, तर बदल्यात आज खेळू शकणारा बॅटर घ्या. तीन वर्षांनी तयार होईल अशा पोरांची यादी आम्ही पुष्कळ वेळा पाहिली.

नवे मॅनेजर डॉन केली याच भागातले आहेत, इथेच शिकले, इथे खेळले. त्यांना उरलेल्या सीझनसाठी नुसतं उभं करू नका. त्यांच्याकडून काय अपेक्षा आहे आणि त्यासाठी त्यांना काय मिळणार आहे, हे चेरिंग्टन यांनी समोर येऊन सांगावं.

त्या विटांवरची सगळी नावं पुन्हा कुठे आणि कोणत्या तारखेला लागणार, ते लेखी कळवा. ज्यांच्या विटा होत्या त्यांतले काहीजण आता वयस्कर आहेत, त्यांना थांबायला वेळ नाही.

आणि श्री. नटिंग, तुम्ही वर्षातून दोनदा, एकदा सीझनआधी आणि एकदा मध्यावर, प्रेक्षकांसमोर बसा. पत्रक नको, प्रतिनिधी नको. तुम्ही स्वतः. २००७ पासून टीमची सूत्रं तुमच्याकडे आहेत, अठरा वर्षं झाली. यातलं काहीच करण्याची तयारी नसेल, तर ज्याची आहे अशा माणसाच्या हाती टीम सोपवा. हे मी रागाने म्हणत नाही, विचार करून लिहितेय.

जूनमध्ये घरचे सामने आहेत तेव्हा आम्ही येऊ. वरच्या मजल्यावर, पुलाच्या बाजूला, जिथे आप्पा बसायचे तिथेच तिकिटं काढतो. मुलाने नवी वही आणली आहे.

उत्तराची वाट पाहतेय.

आपली,
सांगलीहून आलेली, तेरा वर्षं पिट्सबर्गकर असलेली एक प्रेक्षक